मक्याच्या दाण्यातलं कुलूप

परवा संध्याकाळी शेडमध्ये अंडी वेचताना नातीच्या हातात एक अंडं आलं, कवचाविनाच. नुसता पापुद्रा. तळव्यावर ठेवलं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं डळमळत होतं. पोरगी एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “आबा, हिला बरं नाही का?”

मी ते अंडं उजेडाकडे धरलं. आतला बलक आरपार दिसत होता. म्हटलं, “अशा अंड्याला कारणं बरीच असतात. उन्हाळा असतो, कोंबडीचं वय असतं, कधी रोग असतो. पण आधी बघायचं ते तिच्या ताटात काय पडतंय ते.”

धाकटा तोवर खाद्याच्या खोलीत शिरला होता. तो चौथीत आहे, दिसेल ते मोठ्याने वाचतो. भिंतीवर माझ्या मुलाने एक टन खाद्याचा हिशेब लिहून टाचलाय. मका इतके किलो, सोयापेंड इतके किलो, शेलग्रीट, डीसीपी, मीठ... आणि शेवटची ओळ, ‘फायटेज 100 ग्रॅम’. “आबा, बाबांनी चुकून लिहिलंय. सगळं किलोत आणि हे एकटंच ग्रॅममध्ये. एका टनात 100 ग्रॅम म्हणजे काहीच नाही!”

चूक नव्हती. त्या 100 ग्रॅमची गोष्ट सांगता सांगता दोन संध्याकाळी सरल्या, आणि मला वाटलं ती तुम्हा सगळ्यांनाही सांगावी.

आधी अंडं घ्या. कवच असतं पाच-सहा ग्रॅमचं, त्यात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम. आता गंमत अशी की कवच रचण्याचं बरंचसं काम कोंबडी रात्री करते, आणि रात्री ती दाणा टिपत नाही. मग कॅल्शियम आणते कुठून? काही पोटात उरलेल्या शेलग्रीटमधून, म्हणजे शिंपल्यांच्या चुऱ्यातून, आणि काही थेट स्वतःच्या हाडातून! अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या पायाच्या हाडांच्या पोकळीत एक खास भुसभुशीत हाड तयार होतं. रात्री ते विरघळतं, दिवसा पुन्हा भरतं. रोज. एखाद्या आईने रोज रात्री आपल्या हाडातलं काढून बाळाला पांघरूण शिवावं, तशी ही कोंबडी. मी पन्नास वर्षं कोंबड्या बघतोय, पण हे कळलं त्या दिवसापासून अंडं हातात घेताना माझा हात जरा हळू होतो.

हाडात कॅल्शियमचा जोडीदार असतो स्फुरद. शेतकऱ्याला हा शब्द सांगायला नको. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी आपल्या तोंडात बसलेली आहे. पुस्तकात त्याला फॉस्फरस म्हणतात. रात्री हाड विरघळलं की कॅल्शियम कवचात जातं, मोकळं झालेलं स्फुरद बरंचसं विष्ठेतून बाहेर पडतं. उद्या हाड पुन्हा भरायचं, तर उद्याच्या खाद्यात स्फुरद हवं.

“मग मक्यात नसतं का ते?” नातीने विचारलं.

असतं की! मी मक्याचा भिजलेला एक दाणा घेतला, नखाने उभा चिरला. टोकाशी फिकट, मऊ, जिभेसारखा भाग असतो ना, तो अंकुर. मक्यातलं स्फुरद मुख्यतः तिथे साठवलेलं. पण ते मोकळं नसतं. त्यातला तीनपैकी दोन हिस्से माल एका रेणूत अडकलेला असतो. त्याचं नाव फायटेट.

भोंडल्याचा फेर आठवा. सहा मुली हातात हात घालून गोल उभ्या आहेत, आणि प्रत्येकीच्या पाठीला एक परडी बांधली आहे. मुली म्हणजे कार्बनचे सहा अणू, परडी म्हणजे फॉस्फेट. सहा मुली, सहा परड्या. हाच फायटेट. कोंबडीच्या आतड्याला परडी हवी आहे, पण ती मुलीच्या पाठीवरून सोडवल्याशिवाय आतडं काही ती घेऊ शकत नाही. शिवाय या परड्या मोठ्या चिकट. वाटेत भेटलेलं जस्त, लोह, कॅल्शियमसुद्धा धरून ठेवतात आणि आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातात.

दाण्याने हे कुलूप कोंबडीला चिडवायला नाही लावलेलं. ती शिदोरी अंकुराची आहे. दाणा मातीत पडेल, पाऊस होईल, कोंब फुटेल, तेव्हा मुळं जमिनीत स्थिरावेपर्यंत त्या इवल्या रोपाने खायचं काय? त्यासाठी आईने बांधून दिलेली ही पुरचुंडी. आणि वेळ आली की दाणा स्वतःच किल्ली घडवतो. तुमची आजी मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवते ना? रात्रीतून त्या मटकीत हीच किल्ली तयार होऊ लागते आणि परड्या एकेक करून सुटतात. मोड आलेली मटकी अंगी लागते असं आजी म्हणते, त्यात या किल्लीचाही वाटा आहे.

ती किल्ली म्हणजे फायटेज. एक विकर, म्हणजेच एन्झाइम. पाण्याचा एक रेणू घ्यायचा, परडीची गाठ कापायची, आणि पुढच्या गाठीकडे वळायचं. कापताना स्वतः संपत नाही, हे विकराचं वैशिष्ट्य. म्हणून तर टनाला 100 ग्रॅम पुरतं.

“गाईलापण घालायचं का?” धाकट्याने विचारलं. गाईला गरज नाही. तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ते फायटेज करतात. गाय रवंथ करत बसते तेव्हा तिच्या पोटात किल्ल्यांचा कारखाना चालू असतो. कोंबडी आणि डुक्कर यांच्याकडे तो कारखाना जवळजवळ नाहीच. माणसाकडेही नाही.

मग इतकी वर्षं कोंबडीला काय घालत आलो आपण? डीसीपी. डायकॅल्शियम फॉस्फेट, पांढरी भुकटी. ती बरीचशी येते फॉस्फेटच्या खडकातून. मोरोक्कोत खुरिब्गा नावाचा भाग आहे, तिथे या खडकाच्या अफाट खाणी आहेत. पाच-सात कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्या खडकात आजही शार्क माशांचे दात सापडतात, करंगळीएवढे, धारदार, तपकिरी. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला खाण आहे, पण देशाची भूक तिच्याने भागत नाही, म्हणून जहाजं भरून खडक आणावा लागतो. म्हणजे बघा, मक्यात स्फुरद आहे ते कोंबडी तशीच बाहेर टाकते, आणि आपण समुद्रापलीकडून जुन्या समुद्राचा तळ खणून आणून तिच्या ताटात वाढतो. स्फुरद हे मूलद्रव्य आहे. ते कारखान्यात करता येत नाही आणि त्याला पर्यायही नाही. मला ही उधळपट्टी मनापासून खुपते.

बाहेर पडलेलं स्फुरदही गप्प बसत नाही. हॉलंडमध्ये 1980 च्या दशकात जवळजवळ माणसांइतकीच डुकरं झाली होती. एवढ्याशा देशात एवढं शेण-मूत टाकायचं कुठे? जमिनी स्फुरदाने तुडुंब भरल्या, ते ओघळून कालव्यांत-तळ्यांत गेलं, शेवाळ माजलं, आणि शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपून मासे मेले. सरकारने खतावर मर्यादा घालणारे कायदे केले. आता किल्ली हवीच होती.

किल्लीची ओळख जुनी. जपानमध्ये उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1907 सालीच भाताच्या कोंड्यात ती सापडली होती. अमेरिकेत 1971 साली बुरशीतून काढलेलं फायटेज पिल्लांच्या खाद्यात घालून पाहिलं, पिल्लांची हाडं सुधारली. पण मिळत होतं चिमूटभर आणि किंमत भारी. अखेर 1991 साली हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीने फायटेज बाजारात आणलं. कशात बनवलं? इथे मी पोरांना स्वयंपाकघरात नेलं. कांद्याच्या टोपलीतून एक कांदा काढला, वरची साल सोलली. सालीखाली काजळीसारखी काळी पूड होती, बोटाला लागली. ती बुरशी. अ‍ॅस्परजिलस नायजर. हिच्याच गोतातल्या निवडक बुरशीकडून डेल्फ्टकरांनी किल्ल्या घडवून घेतल्या.

ती किल्ली चालली, पण एक अडचण होती. दाणा कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत आधी थांबतो, तिथे आंबटपणा बेताचा. मग तो पुढे जातो त्या जाड स्नायूंच्या पोटात, मटणवाल्याकडे कलेजीबरोबर जो चामट तुकडा मिळतो ना, तिथे. तिथलं वातावरण चांगलंच आंबट. बुरशीचं फायटेज नेमकं त्या आंबटपणात मंदावायचं, वर पोटातलं प्रथिनं पचवणारं पेप्सिन त्यालाच कुरतडायचं.

मग कुणीतरी असा विचार केला, की या पोटांतून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणाकडे किल्ली आहे का ते बघू. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिनगेन लेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या मोठ्या आतड्यात शोध घेतला. तिथे राहणाऱ्या ई. कोलाय नावाच्या जीवाणूकडे ती निघाली! आंबटात मस्त चालणारी, पेप्सिनला दाद न देणारी. हे 1999 च्या सुमाराचं. मला या शोधात फार आनंद वाटतो. कुलपाने ज्याच्या पोटात ठाण मांडलं होतं, त्याच्याच आतड्यात किल्ली पडलेली होती. फक्त जागा चुकीची आणि संख्या नगण्य. मोठ्या आतड्यात सुटलेलं स्फुरद जनावराच्या अंगी लागत नाही, आणि जीवाणू ती किल्ली स्वतःपुरतीच घडवतो.

आता हवा होता लोहार. भरपूर किल्ल्या घडवणारा, आणि घडवून भात्यात न लपवता दाराबाहेर आणून ठेवणारा.

इथून गोष्ट झाडावर चढते.

झाडाच्या बुंध्याला जखम झाली की रस पाझरतो. बाभळीला डिंक येतो तसा घट्ट नाही. काही झाडांचा पातळ, आंबूस, फेसाळ. त्यावर माश्या येतात, आणि माश्यांबरोबर यीस्ट येतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे हे रानातले भाऊबंद. फ्रान्समध्ये गियर्मों नावाच्या शास्त्रज्ञांनी चेस्टनटच्या झाडावरून असं एक यीस्ट वेगळं काढून 1920 साली त्याचं वर्णन केलं. पुढे 1950 च्या दशकात मूळचे डच असलेले हर्मन फाफ कॅलिफोर्नियात ओकच्या झाडांचे रस तपासत हिंडत होते. त्यांनी तसंच यीस्ट पुन्हा गोळा केलं आणि नाव दिलं पिकिया पास्तोरिस. त्या वेळी त्याचा उपयोग कुणालाही माहीत नव्हता. एक माणूस झाडाच्या जखमा बघत फिरतो, नळ्या भरून फडताळात ठेवतो, एवढंच. अशा माणसांना पगार कशाला द्यायचा, असं म्हणणारे तेव्हाही असतील आणि आजही असतात. त्यांना ही गोष्ट पुढे ऐकू द्या.

पुढे 1969 साली जपानमध्ये कोइची ओगाता यांनी दाखवून दिलं की काही यीस्ट मिथेनॉल खाऊन जगतात. मिथेनॉल म्हणजे तेच जहर, विषारी दारूच्या बातमीत ज्याने माणसं आंधळी होतात, मरतात. ते हे यीस्ट खातं? हो, आणि कारण झाडातच आहे. पेरूची जेली घट्ट कशाने होते? पेक्टिनने. झाडाच्या सालीतही पेक्टिन असतं, ते कुजताना जरा जरा मिथेनॉल सुटतं. झाडाच्या जखमेवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या या जीवाने तेही पचवायला शिकून घेतलं. घरात जे उरतं ते खायचं, हा गरिबाघरचा शहाणपणा.

मिथेनॉल स्वस्त होतं. अमेरिकेतल्या फिलिप्स पेट्रोलियम या तेल कंपनीने ठरवलं, मिथेनॉलवर हे यीस्ट वाढवू आणि वाळवून जनावरांना प्रथिन म्हणून घालू. यीस्ट इतकं दाट वाढलं की लिटरमागे 100 ग्रॅमच्या वर सुका माल! पण 1973 साली तेलाचा भडका उडाला, मिथेनॉल महागलं, आणि सोयापेंड त्यापुढे कितीतरी स्वस्त पडली. योजना बारगळली. यीस्ट मात्र वाया गेलं नाही. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेशी निगडित कंपनीत जेम्स क्रेग आणि मंडळींनी त्याला नवी जनुकं द्यायची रीत बसवली.

ती रीत समजायला आपल्या विहिरीवरची मोटार बघा. तिला ऑटो बसवलाय. लाइट आली की मोटार आपोआप चालू, मध्यरात्र असो की पहाट. या यीस्टमध्येही एक ऑटो आहे. मिथेनॉल पचवायला त्याला अल्कोहोल ऑक्सिडेज नावाचं विकर लागतं. ते विकर कामाला जरा संथ, म्हणून यीस्ट भरपाई संख्येने करतं. मिथेनॉल आलं की ऑटो पडतो आणि पेशीतल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एकाच विकराचा होऊन बसतो. मिथेनॉल नसेल तर ऑटो बंद. शास्त्रज्ञांनी केलं काय, त्या ऑटोच्या तारेला दुसरं यंत्र जोडलं. ऑटो यीस्टचा, त्यामागे जनुक डुकराच्या आतड्यातल्या जीवाणूचं. अशा नव्याने जुळवलेल्या यीस्टला रीकॉम्बिनंट म्हणतात.

आणि दाराबाहेर ठेवायचं कसं? पावाच्या यीस्टमध्ये दोन जातीच्या पेशी असतात. जोडीदाराला हाक मारण्यासाठी एक जात लहानसं प्रथिन बाहेर सोडते, आणि त्या प्रथिनाच्या पुढे ‘याला बाहेर न्या’ अशी चिठ्ठी लावलेली असते. ती चिठ्ठी फायटेजला चिकटवली. पेशी चिठ्ठी वाचते, कापून टाकते, किल्ली बाहेर सोडते. म्हणजे आपल्या कोंबडीच्या खाद्यातल्या फायटेजच्या पांढुरक्या दाण्यामागे आतड्यातला जीवाणू आहे, ओकवरचं यीस्ट आहे, आणि पावाच्या यीस्टची जोडीदाराला मारलेली हाकसुद्धा आहे. नात हे ऐकून टाळ्या पिटायला लागली. मला तेव्हा झालेला आनंद सांगता यायचा नाही.

कारखान्यात उंच पोलादी टाक्या असतात. आधी यीस्टला ग्लिसरॉल देऊन पोसतात, पेशी माजू देतात. मग थेंबथेंब मिथेनॉल. जास्त झालं तर यीस्टही मरतं, म्हणून हात आखडता. तापमान 28 ते 30 अंश. प्राणवायूची भूक एवढी की खालून सतत हवा सोडावी लागते, आणि कामाने टाकी इतकी तापते की सारखं थंड पाणी फिरवावं लागतं. नत्रासाठी अमोनिया. काही दिवसांनी पेशी गाळून काढतात. हे यीस्ट स्वतःची प्रथिनं फारशी बाहेर टाकत नाही, त्यामुळे उरलेल्या पाण्यात बहुतांशी किल्ल्याच. ते पाणी आटवून, वाळवून त्याचे बारीक दाणे करतात.

“आबा, मग अंड्यात ते यीस्ट येतं का?” धाकट्याचा प्रश्न चांगला होता. नाही येत. यीस्ट कारखान्यातच गाळलं जातं. खाद्यात पडतं ते फायटेज, आणि ते जिवंत नसतं, नुसतं प्रथिन. पोटात काम करतं आणि शेवटी कोंबडी त्यालाही डाळीसारखं पचवून टाकते. ज्यांना जनुक या शब्दाची भीती वाटते त्यांना मी एवढंच सांगतो की हिपॅटायटिस बी ची लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 साली आणली, ती याच यीस्टकडून घडवून घेतलेली होती.

आता 100 ग्रॅमचा हिशेब. किल्ल्या मोजायचं माप आहे एफटीयू. आमच्या पाकिटावर ग्रॅमला 5000 लिहिलंय. 100 ग्रॅमचे झाले पाच लाख. एक टनात, म्हणजे 1000 किलोत वाटले तर किलोला 500. एवढ्याने टनामागे साधारण एक किलो स्फुरद दाण्यातून मोकळं होतं. डीसीपीत स्फुरद असतं शेकडा 18. म्हणजे साडेपाच किलो डीसीपी वाचलं. धाकट्याने हा भागाकार स्वतः केला, पाटीवर, दोनदा. आणि कोंबडीखतातून बाहेर जाणारं स्फुरदही तिसऱ्या हिश्श्याने तरी घटतं.

त्या मऊ अंड्याचं कारण नंतर कळलं. शेलग्रीटचं पोतं संपलं होतं आणि दोन दिवस खाद्यात ते कमी पडलं होतं. फायटेजचा त्यात दोष नव्हता. पण त्या निमित्ताने मुलाने मिसळणीची रीतही तपासली, आणि ती मी घरी खाद्य करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. 100 ग्रॅमची पुडी एकदम टनावर उधळू नका. आधी ती किलोभर मक्याच्या भरड्यात हाताने कालवा, ते पाच किलोत, ते पंचवीस किलोत, आणि मग मिक्सरमध्ये टाका. नाहीतर एका कोंबडीला दहा जणींच्या किल्ल्या आणि नऊ जणी उपाशी. पाकीट उन्हात, पत्र्याखाली ठेवू नका. सावलीत, कोरडं, तोंड घट्ट बांधून ठेवा. ब्रॉयलरसाठी खाद्य वाफेवर दाबून गोळ्या करत असाल, तर तिथे 80 अंशांच्या वर उष्णता जाते आणि साधं फायटेज निकामी होतं. उष्णता सोसणारं आहे का ते विकत घेतानाच विचारा. आणि फायटेज घातलं की डीसीपी तेवढं कमी करा. ते कमी केलं नाही तर पैसेही जातील आणि स्फुरदही, खड्ड्यात.

आमच्याकडे आता किलोभर भरड्यात पहिली कालवाकालव करण्याचं काम धाकट्याकडे आहे.